संगती आणि कवीची घडण : वारकरी संतकवितेच्या संदर्भात

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मराठीत संगतीच्या परिणामाविषयी सर्रास वापरली जाते. म्हणीतील रोख बहुधा दोषाकडे असतो. चांगला बैल वाईट बैलाशेजारी बांधला गेला आणि बिघडला, असा तिचा व्यवहारातील अर्थ. संस्कृत सुभाषितांतील सत्संगाची प्रशंसा याच्या उलट टोकाला असली तरी तिच्या मुळाशी असलेली कल्पना वेगळी नाही. दोन्हीकडे संगतीत असलेला माणूस निष्क्रिय आहे. तो दावणीला बांधला जातो, किंवा कमळाच्या पानावर पडलेल्या थेंबासारखा आधाराप्रमाणे रूप घेतो. संगती म्हणजे शेजार, आणि शेजाराचा परिणाम आपोआप होतो, अशी ही समजूत आहे.

वारकरी संतांच्या रचनांत संतसंगाचा उल्लेख इतका वारंवार येतो की अभ्यासकांनी तो बहुधा याच नीतिपर अर्थाने घेतला आणि भक्तीच्या साधनांच्या यादीत त्याची नोंद करून ते पुढे गेले. परंतु या कवींनी आपल्या घडणीविषयी जे सांगितले आहे ते बारकाईने वाचले, तर तेथे संगतीचे एक निराळे, कितीतरी अधिक प्रत्यक्ष स्वरूप दिसते. कोणी कोणाच्या मागे उभे राहून गायिले, कोणी कोणाची परीक्षा घेतली, कोणाची रचना कोणी लिहून घेतली, कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागले, या गोष्टींनी ही कविता घडली आहे. प्रस्तुत लेखात या अंगाने काही कवींचा विचार केला आहे. संतचरित्रांतील पुष्कळसा तपशील परंपरेने आलेला आहे आणि महीपतींच्या ‘भक्तविजया’सारख्या (१७६२) उत्तरकालीन ग्रंथांनी तो स्थिर केला आहे, हे प्रारंभीच लक्षात घ्यावयास हवे. तथापि एखादा संप्रदाय आपल्या कवींची घडण कशी झाली असे मानतो, हेही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने साधनच ठरते.

गोरोबाकाकांनी घेतलेल्या परीक्षेची कथा सर्वपरिचित आहे. संतमंडळी तेरला जमलेली असताना मुक्ताबाईंनी गोरोबांना मडकी पारखण्याचे थापटणे हाती घ्यावयास सांगितले आणि जमलेल्यांच्या डोक्यांवर ते आपटून कोणते मडके कच्चे ते पाहावयास लावले. बाकीचे स्वस्थ बसले; नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. विठ्ठलाशी बोलणारा, त्याच्या सलगीचा अभिमान असलेला हा भक्त रागावून पंढरीला परतला, आणि तेथे प्रत्यक्ष देवाने मंडळींचाच निर्णय उचलून धरून त्याला विसोबा खेचरांकडे पाठविले, असे कथा सांगते. या कथेचे तात्पर्य सामान्यतः गुरूच्या आवश्यकतेपुरते सांगितले जाते. त्याहून अर्थपूर्ण आहे तो परीक्षेचा प्रकार. परीक्षा घेणारा कुंभार आहे, साधन त्याच्या धंद्याचे आहे, सूचना एका मुलीची आहे आणि निर्णय सर्वांदेखत झाला आहे. भक्ताचे देवाशी असलेले खाजगी नाते येथे पुरेसे मानलेले नाही. संगतीत येणे म्हणजे आपला कच्चेपणा इतरांना ऐकू येईल अशा जागी बसणे, हा या कथेचा गाभा आहे, आणि नामदेवांसारख्या अग्रणीविषयी ती संप्रदायाने टिकवून ठेवावी, हे विशेष.

पुढील काळातील नामदेव (१२७०–१३५०) हे या मेळ्याचे सर्वांत मोठे संघटक ठरले. ज्ञानेश्वरांचे चरित्र ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या अभंगप्रकरणांतून त्यांच्या गाथेत आले आहे. १२९६ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ ते जगले आणि उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या ‘गुरुग्रंथसाहिबा’त त्यांच्या नावाची ६१ पदे आहेत. सोबत्यांच्या मरणानंतर त्यांच्या संगतीचा वृत्तान्त मागे ठेवणे, हे काम नामदेवांनी केले असे परंपरा मानते. मेळ्यात जो सर्वांत कच्चा ठरला तोच मेळ्याची स्मृती झाला, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही.

कवीच्या घडणीच्या दृष्टीने अधिक स्पष्ट पुरावा तुकारामांचा आहे, कारण तो कवीने स्वतःच दिलेला आहे. संतांनी विचारल्यावरून आपला वृत्तान्त सांगणारा तुकारामांचा आत्मचरित्रपर अभंग प्रसिद्धच आहे. १६३०च्या सुमाराचा दुष्काळ, बायकोचे अन्नावाचून मरण, व्यवसायाची धूळधाण, पडक्या देवळाचा जीर्णोद्धार हे त्यातले तपशील चरित्रकारांनी पुरेपूर वापरले. त्यानंतर जे येते त्याकडे मात्र काहीसे दुर्लक्ष झाले आहे. प्रारंभी एकादशीला कीर्तन करू लागलो तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते, अशी कबुली तुकाराम देतात. मग त्यांनी काही संतवचने श्रद्धेने पाठ केली. मग जे पुढे उभे राहून गात होते त्यांच्या मागे राहून त्यांचे धृपद धरले. स्वप्नातील गुरूचा उपदेश त्यानंतर येतो, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर.

धृपद धरणे म्हणजे काय, हे कीर्तन-भजन ऐकलेल्याला सांगावे लागत नाही. पुढचा गायक चरण म्हणतो. मागचे टाळकरी पालुपद उचलून धरतात, त्याला श्वास घ्यावयास अवसर देतात, लय सोडू देत नाहीत. मागे उभ्या राहणाऱ्याला स्वतःचे काही म्हणावयाचे नसते. परंतु प्रत्येक चरणानंतर त्याच पालुपदावर परतताना चरणाचा अर्थ पालुपदाला कसा भिडतो, कोठे भिडत नाही, कोणते यमक कानाला टिकते आणि कोणते गळून पडते, हे त्याच्या अंगात मुरते. अभंगाचे रचनातंत्र शिकण्याची याहून चांगली पाठशाळा सतराव्या शतकातील देहूच्या वाण्याच्या मुलाला मिळण्यासारखी नव्हती. तुकारामांच्या अभंगांची जी घडण समीक्षकांना स्वयंभू वाटते, ती अशी मागच्या रांगेत तयार झाली आहे. प्रतिभेचे श्रेय याने कमी होत नाही. प्रतिभेला हाताशी कोणती सामग्री होती आणि ती कोठून आली, एवढेच यातून कळते.

पाठांतर आणि धृपद या दोन्हींत एक मुद्दा समान आहे. दोन्हीत दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडून म्हणावे लागतात. आधुनिक काव्यविचारात, विशेषतः केशवसुतांनंतर, कवीचा स्वतःचा आवाज हे मूल्य इतके प्रबळ झाले की उसन्या शब्दांत घडणारा कवी ही कल्पना अवमानकारक वाटू लागली. तुकारामांना ती तशी वाटलेली दिसत नाही. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपल्याला जागे केले आणि त्यांची उरलेली अभंगसंख्या पुरी करावयास सांगितले, असे ते म्हणतात. तीन शतकांपूर्वीच्या कवीचे अपुरे काम आपल्याकडे आले, ही त्यांची कवित्वाची उपपत्ती आहे. येथे संगतीची व्याप्ती जिवंत सोबत्यांपलीकडे जाते. ज्याचे धृपद धरावयाचे तो पुढे उभा असलाच पाहिजे असे नाही.

तुकारामांभोवती जमलेल्या मंडळींविषयी, परंपरेने मानलेल्या चौदा टाळकऱ्यांविषयी, फारशी विश्वसनीय माहिती मिळत नाही. तरी त्यांच्यातील एकाविषयी थांबून विचार करावयास हवा. चाकणचे संताजी जगनाडे जातीने तेली. त्यांच्या नावाच्या वह्यांत तुकारामांचे अभंग उतरलेले आहेत, आणि विनायक लक्ष्मण भावे यांनी त्या ‘तुकारामबोवांचा अस्सल गाथा’ या नावाने १९१९-२० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याआधी शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी सरकारी साहाय्याने सिद्ध केलेल्या गाथेचे दोन भाग १८६९ व १८७३ मध्ये निघाले होते. साडेचार हजारांहून अधिक अभंगांची ही प्रत देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या वह्यांवर आधारलेली आहे. कोणती प्रत अधिक ग्राह्य, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा येथे अप्रस्तुत होईल. संगतीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, वह्या नदीत बुडविल्या गेल्याची कथा ज्या कवीविषयी सांगितली जाते, त्याची कविता अनेक गावांतल्या अनेकांच्या घरी राहिली. एकट्या कवीची वही बुडविता येते. चाळीस वह्या आणि चारशे कंठ बुडविता येत नाहीत. तुकारामांना विरोध करणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट पुढे त्यांच्याच अनुयायांत सामील झाले, असे परंपरा सांगते. टाळकऱ्यांच्या यादीत ब्राह्मण, वाणी, तेली अशी नावे एकत्र येतात ती अशी.

नामदेवांच्या घरातील जनाबाईंची स्थिती याहून निराळी आहे. गंगाखेडची ही मुलगी दामाशेटींच्या घरी आली आणि तेथेच दासी म्हणून राहिली. ज्या मेळ्यात नामदेव होते त्याच मेळ्यात ती होती, पण दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे या कामांतून मिळेल तेवढीच. तिने आपली ओळख ‘नामयाची दासी’ अशी दिली आहे. या संबोधनात नम्रता आहे असे म्हटले जाते. त्यात वस्तुस्थितीही आहे, हे विसरले जाते. तिच्या अभंगांत विठ्ठल जात्याला हात लावतो, तिच्यासाठी शेणी वेचतो, तिची वेणी घालतो. दळताना दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात असतात आणि ओवी एकीने म्हणून दुसरीने उचलावयाची असते. जनाबाईंच्या समोर दुसरी बाई नव्हती असे नाही. पण तिच्या कवितेने समोरची जागा देवाला दिली. ज्याला मेळ्यात बसावयास सवड नाही त्याने मेळा जात्यापाशी आणला, असे याचे वर्णन करता येईल. संतांचे लेखक कोण होते याची नोंद करणारा एक अभंग जनाबाईंच्या नावावर आहे. प्रत्येक संताचा लेखक म्हणून त्यात कोणा ना कोणा माणसाचे नाव येते. जनीचे अभंग मात्र खुद्द पांडुरंग लिहितो असे म्हटले आहे. भाविकाला हा तिचा गौरव वाटतो आणि तो आहेच. त्याचबरोबर, तिच्यासाठी दुसरा कोणी लेखणी घेऊन बसला नाही, असेही तो अभंग सांगतो.

त्याच नोंदीत चोखामेळ्याचा लेखक अनंतभट्ट आहे. एका महार कवीचे शब्द एक ब्राह्मण लिहून घेत होता, असे परंपरा मानते. या एका नावात मेळ्याची सारी शक्ती आणि सारी मर्यादा सामावलेली आहे. चोखोबांच्या रचनेला अनंतभट्टाचा हात मिळाला, नामदेवांचे प्रेम मिळाले, विठ्ठलाची सलगी मिळाली; महाद्वाराच्या आत पाऊल टाकण्याची मोकळीक मिळाली नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली जे मजूर गाडले गेले त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी तेथे जाऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या आणि पंढरीस आणल्या, अशी कथा आहे. समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेर. सोबत्याची हाडे ओळखण्याइतकी जवळीक असलेल्या मेळ्यालाही त्याला पायरीच्या आत नेता आले नाही.

या विसंगतीवर टीकाकारांची दोन टोकांची मते आहेत. न्यायमूर्ती रानड्यांच्या परंपरेतील अभ्यासकांनी संतांच्या मेळ्यात जातिभेदनिवारणाची सुरुवात पाहिली; दुसऱ्या बाजूने आध्यात्मिक समतेने सामाजिक विषमतेला धक्का लागला नाही, असे म्हटले गेले. गं. बा. सरदारांनी ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या ग्रंथात या दोहोंतील ताण पुष्कळ समतोलपणे मांडला. तथापि हा प्रश्न फलश्रुतीच्या अंगाने विचारला की उत्तर नेहमीच बेरीज-वजाबाकीचे येते. संगतीच्या अंगाने विचारला तर निराळे काही दिसते. चोखोबांना दोन संगती होत्या. एक वाळवंटातली, नामदेवादी संतांची. दुसरी घरची : पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा पती बंका आणि मुलगा कर्ममेळा. या पाचही जणांचे अभंग उपलब्ध आहेत. एका अस्पृश्य कुटुंबातील पाच माणसे त्या काळात अभंगरचना करतात, ही मराठी वाङ्मयेतिहासातील असामान्य घटना आहे, आणि तिला ज्या तऱ्हेने एका परिच्छेदात निकालात काढले जाते ते समर्थनीय नाही.

या घरच्या संगतीत स्वर बदलत जातो. चोखोबांच्या अभंगांत वेदना आहे, पण तिची परिणती पुष्कळदा शरणागतीत होते. सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालतात : देह विटाळातूनच जन्मतो, तर सोवळा कोण, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कर्ममेळ्याच्या अभंगांत हीन जातीत जन्म दिल्याबद्दल देवालाच जाब विचारलेला आहे. बापाच्या वाट्याला आलेली सलगी त्याच्या बोलण्यात दिसत नाही. वाळवंटातल्या मेळ्याने चोखोबांना भाषा दिली. त्या भाषेत मेळ्याविषयीचा प्रश्न विचारण्याचे धैर्य घरच्या मेळ्यात वाढले. एकाच माणसावर दोन संगतींचा असा निराळा परिणाम होतो, आणि त्याची खूण कधी कधी पुढच्या पिढीत उमटते. वाळवंटातली भेट आणि ताटातली भेट यांतील अंतर किती चिवट होते, हे इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखावरून दिसते. विसाव्या शतकातील त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंक्ती वेगळ्याच होत्या. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांच्या मूळ शोधाचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. तो चोखोबांचा तिसरा मेळा म्हणता येईल.

संगती नाकारली गेली असता काय होते, याचे उदाहरण बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आहे. वेरूळजवळच्या देवगावची ही ब्राह्मण मुलगी. बालपणीच तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न झाले. कौटुंबिक तंट्यामुळे सारे कुटुंब गाव सोडून भटकत कोल्हापुरास पोहोचले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकारामांचे अभंग ऐकले. तिच्याबरोबर सतत असणारे एक वासरू होते. ते कीर्तनालाही येई. त्यावरून गाजावाजा झाला आणि वैदिक वृत्तीच्या पतीने तिला मारहाण केली. पुढे वासरू मेले, आणि त्या दुःखात अकरा-बारा वर्षांच्या या मुलीला स्वप्नात तुकारामांचा उपदेश झाला. शूद्र गुरूचा ब्राह्मण स्त्रीने स्वीकार करावा हे पतीला असह्य होते. तो घर सोडावयास निघाला, आजारी पडला, पालटला. पुढे कुटुंब देहूला गेले आणि तेथे तिला तुकारामांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकावयास मिळाले, तसाच मंबाजीचा छळही सोसावा लागला. हा सर्व वृत्तान्त तिच्याच आत्मनिवेदनपर अभंगांत आहे. जुन्या मराठीत एका स्त्रीने इतक्या तपशिलाने स्वतःविषयी लिहिल्याचे दुसरे उदाहरण सहज आढळत नाही.

बहिणाबाईंच्या आरंभीच्या सोबत्यांची यादी केली तर ती अशी होते : एक वासरू, एका कीर्तनकाराच्या तोंडून ऐकलेली दुसऱ्याची कविता आणि एक स्वप्न. मागे उभे राहून धृपद धरण्याची सोय बाईला नव्हती. तुकारामांना नामदेव स्वप्नात भेटले तेव्हा त्यांच्याजवळ देहूचे देऊळ, गाणारी मंडळी आणि पाठ केलेली वचने होती. बहिणाबाईंना स्वप्नावरच सारे उभारावे लागले. तिच्या आत्मनिवेदनाचा प्रदीर्घ विस्तार यातून समजू शकतो. ज्याची घडण मेळ्यात झाली त्याला आपण कोण हे दहा ओळींत सांगता येते, कारण उरलेले ऐकणाऱ्यांना ठाऊक असते. एकटीला सारे पहिल्यापासून सांगावे लागते. वारकरी परंपरेत जे वृत्तान्त सांगणे इतरांनी इतरांविषयी केले, ते बहिणाबाईंनी स्वतःविषयी केले. त्यामागे आत्मचरित्राची आधुनिक जाणीव शोधण्याची गरज नाही. साक्षीदारांचा अभाव हे कारण पुरेसे आहे.

तरीही वारकरी मेळ्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र तिनेच रेखाटले आहे. ज्ञानदेवांनी पाया घातला, नामदेवांनी विस्तार केला, एकनाथांनी आधार दिला आणि तुकाराम कळस झाले, अशी इमारतीची कल्पना असलेला अभंग मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतो. मेळा म्हणजे एकामागून एक येणाऱ्यांनी मिळून बांधलेले घर, ही कल्पना संप्रदायाच्या आत्मबोधाचा भागच झाली आहे. या अभंगाच्या शेवटच्या चरणात बहिणाबाईंची नाममुद्रा आहे. पण कळसापर्यंत येऊन थांबण्याची सवय पडल्यामुळे तो चरण म्हणण्यात पुष्कळदा गळतो, आणि भाषणांतून, लेखांतून, क्वचित अभ्यासाच्या टिपणांतूनही हा अभंग तुकारामांचा म्हणून सांगितला जातो.